आधी बटन, मंग माणूस

दर सोमवारी सकाळी नऊ वाजता मी मरत असे.

घाटंजी रस्त्यावरच्या, कापसातून सरकी काढणाऱ्या एका जिनिंगमध्ये मी मॅनेजर आहे. राठोड मिस्त्री आमचे वायरमन. कापूस, वीज आणि माणूस एका छपराखाली आले की आठवड्यातून एकदा अपघाताची तालीम झालीच पाहिजे, हा त्यांचा कायदा. त्या तालमीत करंट लागलेला माणूस कायम मी.

"मीच कशाला?" मी एकदा विचारलं.

"तुमी पडले तं काम थांबत नाही, साहेब."

मग मी बारदानावर पडायचो. कोणी कळवळून मला उचलायला हात पुढे केला की मिस्त्रींची लाकडी पट्टी त्या हातावर बसायची. "मेला तू बी. आधी बटन, मंग माणूस." हे वाक्य ते जेवताना, पगाराच्या रांगेत, लग्नाच्या पंगतीतही म्हणत. एका नवरदेवालाही त्यांनी हेच सांगून आशीर्वाद दिला होता.

छाती दाबायची तालीम मात्र माझ्यावर न होता कापसाच्या पोत्यावर व्हायची. मशीनला कापूस घालणाऱ्या लताबाई मेश्राम तिथं हटकून हसायच्या. "मिस्त्री, पोत्यात जीव आला काय?" बाया पदर तोंडात कोंबून खिदळायच्या. मिस्त्री हसत नसत. "जोरानं दाब, बाई. पोळ्या लाटून राह्यली काय तू?"

भिंतीलगत वाळूच्या लाल बादल्या होत्या. हमाल खर्रा खाऊन त्यात थुंकत. मिस्त्री रोज सकाळी त्या वाळूची पाहणी करत आणि थुंकणाऱ्याला त्याच्याच हातानं वाळू बदलायला लावत.

शिवाय त्यांची एक पत्र्याची पाटी होती. तिच्यावर लाल रंगात लिहिलेलं : 'माणूस कामावर हाय'. दुरुस्तीला हात घालण्याआधी ते ती बटनावर टांगत. काम झाल्यावर काढायला विसरत. एकदा मिस्त्री टपरीवर चहा पीत बसलेले आणि पाटीमुळे सगळी जिनिंग तासभर बंद. त्या दिवसापासून त्या पाटीवरचा माझा विश्वास उडाला.

जानेवारीतली दुपार होती. लाइन गेली. फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, शेतकरी तापलेले. मी स्वतः जनरेटरपाशी गेलो. बटनावर पाटी लटकत होती. मिस्त्री चहाला गेले असतील, असं म्हणून मी ती उचलून बाजूला ठेवली आणि जनरेटर चालू केला.

आधी कोणाचं ओरडणं ऐकू आलं नाही. दिवे एकदा लुकलुकले, आणि पॅनेलच्या खोलीजवळची एक बाई किंचाळली. मी धावलो. मिस्त्री पॅनेलला चिकटून थरथरत होते. ठिणग्या खाली पडून जमिनीवरच्या कापसाच्या कचऱ्याने पेट घेतला होता.

पन्नासेक सोमवार मी मेलो होतो, पण शिकलो काही नव्हतो. मी दोन्ही हात पुढे करून त्यांना ओढायला निघालो. तेवढ्यात छातीवर लाकडी दांडा आडवा आला. कापूस ओढायचं दाताळं घेऊन लताबाई उभ्या होत्या.

"हात नका लावू, साहेब. शंकर, बटन बंद कर. जनरेटरचं."

शंकर हमालाने जनरेटर बंद केला. मिस्त्री धपकन खाली पडले. लताबाईंनी दाताळ्यानेच त्यांना पॅनेलपासून दूर सारलं. दोघा हमालांनी लाल बादल्या आगीवर ओतल्या. त्यात खर्रा होताच. आग विझली.

मिस्त्रींचा श्वास चालत नव्हता. लताबाई गुडघ्यावर बसल्या, दोन्ही तळवे एकावर एक ठेवले आणि दाबायला लागल्या. बाकीच्या बाया भोवती उभ्या राहून एकसुरात आकडे म्हणत होत्या. कोणी हसत नव्हतं. मी फोनवर अँब्युलन्सला पत्ता सांगत होतो आणि मला माझ्याच जिनिंगचा पत्ता आठवत नव्हता.

कितव्या फेरीला कोण जाणे, मिस्त्रींनी एक लांब, घरघरता श्वास घेतला.

यवतमाळच्या दवाखान्यात त्यांना तीन दिवस ठेवलं. हाताला भाजलं होतं, हृदयावर लक्ष ठेवायचं होतं. नर्सने नातेवाइकाचं नाव विचारलं. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी हैदराबादला. "तिले कळवू नका," मिस्त्री म्हणाले. "तिले लहान लेकरू हाय." शेवटी त्या रकान्यात नर्सने माझं नाव लिहिलं.

दुसऱ्या दिवशी मी धीर केला. "मिस्त्री, जनरेटर मीच चालू केला."

"मालूम हाय."

"कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. बाकी साऱ्यायले पाटी वाचता येते."

मी मान खाली घातली. मिस्त्रीच पुढे म्हणाले,

"साहेब, लोकायले वाटते, राठोड साऱ्यायची काळजी करते. तसं काही नाही. तुमाले कोणाले करंट लागला असता तं मी होतो ना. मले लागला तं कोण होतं? घरी कोणी नाही, पॅनेलपाशी कोणी नाही. म्हून शिकवत होतो. माह्याचसाठी."

त्यांनी भाजलेला हात अलगद उशीवर ठेवला.

"छाती कोणं दाबली?"

"लताबाईंनी. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. नंतर कोपऱ्यात जाऊन रडत होत्या."

मिस्त्रींनी तोंड भिंतीकडे वळवलं. मला वाटलं झोपले. मग भिंतीकडेच बघत म्हणाले,

"डाक्टर म्हणते, दोन फासळ्या तडकल्या. जोरानं दाबलं तं तडकतातच."

दुसऱ्या हातानं त्यांनी फासळ्या चाचपल्या.

"बराबर दाबलं पोरीनं."