गेनभाऊ आणि पेढ्याएवढा पंखा

गेनभाऊंच्या घरी गेलेल्या माणसाला पाणी नंतर विचारतात. आधी श्वास रोखायला सांगतात.

मला हे पहिल्याच भेटीत कळलं. बोरी बुद्रुकच्या दवाखान्यात जनावरांचा डॉक्टर म्हणून मी नुकताच बदलून आलो होतो. त्यांच्या गाईने दोन दिवस चारा सोडला होता, म्हणून गेलो. ओसरीवर एक पाय ठेवतो न ठेवतो तोच आतून दबका आवाज आला, "हलू नका. श्वास धरा."

मला वाटलं, नाग निघाला. मी दुसरा पाय वरच धरून बगळ्यासारखा उभा राहिलो. आत सत्तरीकडे झुकलेला एक माणूस बनियन-पायजम्यात फरशीवर पालथा पडला होता. त्याच्यासमोर दाढीची दोन पाती उभी रोवलेली, त्यांच्यावर आडवी सुई, आणि सुईत ओवलेला दोन पात्यांचा, पेढ्याएवढा पितळी पंखा. छतावरचा पंखा बंद. दारात त्याची बायको सूप हातात धरून थांबलेली. पितळी पंखा सुईवर किंचित फिरला आणि डावीकडे कलला.

"डावं पातं जड हाय," तो माणूस म्हणाला आणि त्याने कानशीचा एकच हलका हात मारला. मग माझ्याकडे बघितलं. "सोडा श्वास. कोन तुमी?"

"डॉक्टर. गाय बघायला आलोय."

"गाय गोठ्यात हाय," सूपवाल्या बाई म्हणाल्या. त्या सरूकाकू. "ह्यांचं मनावर घेऊ नका. लोक नवी गाडी घेतली की ओझरला गणपतीच्या पायावर नेत्यात. हे पंखा नेत्यात."

भाऊंचं ओझरच्या रस्त्याला मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. जळलेली मोटार दुरुस्त होईपर्यंत शेतकरी तिथेच बाकावर बसून राहायचे. पाऊसपाणी, सोयरिकी, भांडणं, सगळं त्या बाकावर व्हायचं. दुकानाच्या शेवटच्या वर्षात कुणीतरी एक बंद पडलेली रिमोटची बोट दुरुस्तीला टाकून गेलं आणि परत न्यायला आलंच नाही. भाऊंनी ती उघडली. काकूंच्या मते त्या दिवशी ते माणसांतून उठले. पुढे दुकान बंद झालं, आणि भाऊ घरी बसून स्वतःच बोटी करायला लागले.

तीन वीत लांबीची, निमुळत्या नाकाची बोट. पण तिचा वेग बघून मी दोन पावलं मागे सरायचो. तिला पाण्यात बसणं माहीत नव्हतं. ती पाण्यावरून उडायची. मागचा पंखा तेवढा अर्धा पाण्यात. आतली बॅटरी बोटभर पुढे सरकवली की बोट नाक पाण्यात खुपसायची. बोटभर मागे घेतली की नाक उचलून पलटी खायची. त्या बोटभर जागेत गेनभाऊंचे दिवस चालले होते. बॅटरी सरकवायची, मागच्या दोन चिमुकल्या पट्ट्या केसभर वाकवायच्या, पंखा घासायचा, पुन्हा शेततळ्यात सोडायची. याला ते 'ट्रिम' म्हणायचे. काकू त्याला 'येड' म्हणायच्या.

"वजन कुठंय ते बघा आधी," हे भाऊंचं पालुपद. फक्त बोटीपुरतं नव्हे. छाती काढून चालणारा एक पुढारी रस्त्यावरून गेला की म्हणायचे, "नाक लई वर हाय राव. वारं लागलं की पलटी." पंगतीत शेजारच्याच्या पानातला भात डावीकडून मध्ये घ्यायला लावायचे. माझ्या स्कूटरवर पहिल्यांदा बसले तेव्हा मागून माझ्या कमरेला धरून त्यांनी मला चार बोटं पुढे सरकवलं. "आता चालवा."

मी दर रविवारी दुपारी त्यांच्या तळ्यावर जायला लागलो. त्यांनी कधी बोलावलं नाही. मी गेलो की "आलात व्हय?" एवढंच म्हणायचे आणि रिमोटकडे बघायला लागायचे. माझं काम ठरलेलं. बोट मध्येच बंद पडली की ट्रॅक्टरच्या ट्यूबवर बसून ती आणायची. मला पोहता येत नाही. भाऊंना येतं, पण त्यांचा उजवा खांदा धरलेला, हात वर जात नाही. म्हणून ट्यूबला दोर बांधायचा आणि दोराचं टोक भाऊंनी काठावर धरायचं.

तो रविवार थंडीतला. नवी बोट अशी पळाली की भाऊ रिमोटवरचा वेगाचा आकडा बघून टाचा उचलून उभे राहिले. "ताशी नव्वदच्या वर गेली! डाक्टर, बघितली का?" आणि तळ्याच्या मधोमध ती बंद पडली.

मी ट्यूबवरून गेलो, बोट उचलली आणि कडेवर घ्यायला लागलो. कानशीने धार आलेलं पातं ट्यूबला लागलं. फुस्स असा आवाज झाला. ट्यूब मऊ पडली तसा तिच्याभोवतीचा फास सैल झाला आणि दोर निसटून गेला. मी एका हाताने बोट आणि दुसऱ्या हाताने ती मरगळलेली ट्यूब कवटाळून गार पाण्यात गळ्यापर्यंत उतरलो. शेततळ्याला तळापासून काठापर्यंत काळा प्लास्टिकचा कागद असतो. ओला झाला की त्यावर मांजरसुद्धा चढू शकत नाही.

भाऊंनी दोर ओढून घेतला आणि डाव्या हाताने फेकला. निम्म्यातसुद्धा आला नाही. पुन्हा फेकला. तितकाच. त्यांनी रस्त्याकडे तोंड करून दोन हाका मारल्या. कोणी नव्हतं.

मग त्यांनी काठावर ठेवलेली जुनी बोट उचलली, तिच्या शेपटीला सुतळी बांधली, सुतळीचं दुसरं टोक दोराला बांधलं आणि बोट माझ्याकडे सोडली. ती सुसाट निघाली, मागे सुतळीचा ओढा बसला, नाक आभाळाकडे गेलं आणि बोट पालथी झाली.

"भाऊ!" मी ओरडलो.

"हलू नका." त्यांनी सुतळीने बोट मागे ओढली आणि काठावर मांडी घालून बसले. खरंच बसले. झाकण काढलं, बॅटरी पुढे घेतली, मग खिशातून पाना आणि दुसरा पंखा काढून आधीच्या पंख्याचा नट सोडवायला लागले. "ह्यो पळायचा पंखा हाय. वढायचा येगळा लागतो. चार मिंटं."

माझ्या हाताखालून ट्यूब बुळबुळत निघाली होती.

"डाक्टर, आपली गाय कधी व्यायची म्हणलात?"

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "काय?"

"गाय. कधी व्यायची?"

"पुढच्या महिन्यात!"

"म्हयन्याच्या आदी का शेवटी?"

"शेवटी! भाऊ, मी बुडतोय!"

"कालवड व्हईल का गोऱ्हा?"

"ते कसं सांगू मी?" मी संतापून ओरडत होतो आणि ते मान खाली घालून, शांतपणे, एकेक प्रश्न विचारत होते. आधीच्या डॉक्टरांपेक्षा माझी सुई कमी दुखते, असं गाईचं मत आहे, हेही त्यांनी तेव्हाच सांगितलं.

मग ती बोट आली. रुंद पात्यांचा पंखा लावलेली, नाक खाली धरून, घुरघुरत, माणूस चालतो तितक्या सावकाश. आयुष्यात कुणाची इतकी वाट मी पाहिली नव्हती. सुतळी हाताला लागली. ती ओढली तसा मागून दोर आला. तो काखेखालून बांधला. भाऊंनी कुंपणाच्या लोखंडी खांबाला वेढा देऊन मला हात-हात ओढत वर घेतलं. कागदावरून मी म्हशीसारखा घसटत काठाला लागलो.

"लई गार व्हतं का पाणी?" त्यांनी विचारलं आणि स्वतःचा शर्ट काढून माझ्या डोक्याला गुंडाळला. नव्वदच्या वर गेलेली बोट तळ्यातच तरंगत होती. घरी जाईपर्यंत त्यांनी तिच्याकडे एकदाही पाहिलं नाही.

मला ताप आला. दोन रविवार मी गेलो नाही. तिसऱ्या रविवारी भाऊच दारात उभे. हातात दोराचं वेटोळं.

"चला."

"कुठे?"

"कुकडीला. पवायला शिकायचं."

नदी कमरेएवढी होती, तरी त्यांनी माझ्या कमरेला दोर बांधला आणि दुसरं टोक स्वतःच्या मनगटाला गुंडाळलं. तासभर मी पाणी प्यालो आणि ते पाण्यात उभे राहून ओरडत होते, "बूड वर घ्या! मान सोडा! आवो, पाण्याशी भांडू नका!" शेवटी मी चार हात गेलो. भाऊ हसले. त्यांना हसताना मी कमी वेळा पाहिलं आहे.

आम्ही खडकावर अंग सुकवत बसलो. मी म्हणालो, "भाऊ, त्या दिवशी मी मरत होतो आणि तुम्ही गाईच्या गप्पा मारत होता. एवढा धीर आणता कुठून?"

त्यांनी पायजम्याचं टोक पिळलं.

"कसला धीर, डाक्टर. मला पंखा दिसलाच न्हाई. डोळ्याला धार लागली व्हती. नट बोटांनी चाचपून बसिवला, दोनदा खाली पडला." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "मान वर करून बघायचं धाडस व्हईना. म्हणलं, बोलत ऱ्हावं. तुमी रागावून बोलताय तवर तुमी वर हायेत."

मी खडकावर त्यांच्याजवळ सरकलो.

"दुकान व्हतं तवा बाकावर बसायला जागा नसायची," ते म्हणाले. "मोटार घिऊन यायचे सगळे. बिनकामाचं आलेलं माणूस, तुमीच पयलं."

ऊन चढलं. अंग सुकलं. मी शर्टाची बटणं लावली आणि कमरेचा दोर सोडायला गाठीला हात घातला, तेव्हा लक्षात आलं की दुसरं टोक अजून त्यांच्या मनगटालाच आहे, आणि त्यांनी ते मुठीत घट्ट धरलं आहे. मी गाठ तशीच राहू दिली. आम्ही बसून राहिलो.