बस्त्यावकाकांचा उजवा हात

जेवताना मीठ मागितलं, की बस्त्यावकाका आधी डाव्या खांद्यावरून मागे बघतात, मग उजव्या. मागे कोणी पळत नाहीये याची खात्री झाली, की डाव्या हाताने मीठ सरकवतात. उजवा हात मांडीवर. "हात जपायचा असतो, बाय," ते मला समजावतात. तो हात निकामी होऊन कित्येक वर्षं झाली.

काका मूळचे वसईचे, सिडनीच्या वेंटवर्थव्हिलमधले आमचे शेजारी. तरुणपणी ते बेसबॉलमध्ये पिचर होते. म्हणजे मागे कोणी धाव चोरायला पळत नाही ना हे बघून चेंडू फेकणारे, आणि तेही पगारी. अमेरिकेतल्या एका छोट्या क्लबने त्यांना नेलं, एक उन्हाळाभर खांदा फाटेपर्यंत वापरलं आणि सिडनीच्या विमानात बसवून दिलं. संपली कारकीर्द.

आपल्या लोकांना त्याचं काय? पिकनिकच्या क्रिकेटमध्ये काकांनी एकदाच चेंडू टाकला, तर आमच्यातले एक डॉक्टरसाहेब म्हणाले, "बस्त्याव, कोपर वाकतंय. नो बॉल." तेव्हापासून काका कायमचे अंपायर. प्रोफेशनल खेळाडू, आणि इतरांचे स्वेटर कमरेला बांधून उभा!

मी युनिव्हर्सिटीत कामगारांच्या हक्कांची पत्रकं काढते. इतका चांगला अन्याय शेजारी पडून होता. रविवारी चर्चमधल्या मिस्साहून परतताना त्यांना मैदानापाशी गाठलं.

"काका, क्लबने तुमचं शोषण केलं."

"जेवण बरं द्यायचे गं."

"भरपाई मागितलीत?"

"कोणाकडे? मॅनेजरलाही पुढच्या महिन्यात काढला."

"मग चीड येत नाही?"

"येते ना. आपलं एक माणूस बघायला नव्हतं, त्याची. बाबांना वाटायचं, मी कारखान्यात आहे. मोनिकाशी लग्न झालं तोवर खांदा गेलेला. तिला वाटतं, मी थापा मारतो."

त्यांनी गाडीच्या डिकीतून चेंडू आणि जुना ग्लव्ह काढला, ग्लव्ह माझ्या हातात चढवला. "पत्रक राहू दे. तिकडे उकिडवी बसशील? एकच टाकतो."

"खांद्याच्या डॉक्टरांनी नको म्हटलंय ना?"

"बस गं."

बसले. चेंडू थेट माझ्या नाकाकडे आला आणि शेवटच्या क्षणी, कोणी खालून ओढल्यासारखा, गुडघ्यापाशी ग्लव्हमध्ये शिरला. तळवा झणझणला. वर बघितलं तर काकांचा हात लोंबत होता आणि चेहरा पांढरा पडला होता. गाडी मीच चालवली.

घराच्या कोपऱ्यावर ते म्हणाले, "मोनिकाला सांगशील?"

"हात दुखावला ते?"

"ते नको. चेंडू कसा वळला ते. तू तोंडावर खरं बोलतेस म्हणून तिला तुझा राग आहे. तुझं ती मानेल."