ठकूबाईने नाव घेतले ते वर्तमान

श्रीगजाननास स्मरून लिहिले ऐसे जे, हे वर्तमान कोणी खरे मानणार नाही, आणि न मानील त्यावर आमचा राग नाही. शके सोळाशे आणि वर काही, एका राज्याचे महाराज लढाईस जात आणि हरून येत. मग शास्त्रीबुवांस पुसिले, "यश कैसे येईल?" बुवा बोलिले, "यशवंत म्हणजे ज्यापाशी यश आहे तो. सरकारांनी ते नाव धारण करावे." महाराज बोलिले, "एकट्याने धारण करून काय होते? पळतात सारेच." मग दवंडी पिटविली की, गडावरील पुरुषमात्राचे नाव आजपासून यशवंत, आणि नाव कानी पडताच जो उठून 'जी' न म्हणेल त्याचे कान उतरावे. तेव्हा किल्लेदार यशवंत, न्हावी यशवंत, आणि शास्त्रीबुवाही यशवंत जाहले. परंतु पतीचे आणि सासरच्या वडीलधाऱ्यांचे नाव बायकांनी जिभेवर आणू नये, ही चाल राज्याहून जुनी.

पुढे त्या थोर बारशाच्या वर्षदिनी पुरणपोळीचे जेवण जाहले, आणि भर दुपारी अवघा गड घोरू लागला. महादरवाजाचा हवालदार तर उघड्या दरवाजात आडवा जाहला. त्याची बाइल ठकूबाई विडा घेऊन आली, तो खाली गनीम चढताना दिसला. तिने नवऱ्यास हालविले, तो कूस बदलून निजला. मग "अहो!" म्हणोन ओरडली, तर प्रत्येकाने जाणले की ही दुसऱ्याची बायको. नाव घ्यावे तर चाल मोडते, न घ्यावे तर राज्य बुडते आणि नवऱ्याची मान जाते. मग बाईने पदर सावरला आणि उखाणा घातला:

"पुरणाच्या पोळीवर तुपाची धार,
यशवंतराव निजले उघडं टाकून दार."

तो गनिमाचा सरदार पायरीवरच थांबला आणि शिपायांस बोलिला, "उगी रहा रे, बाईमाणूस नाव घेतंय." शिपाई बोलिले, "वहिनी, आणखी एक होऊन जाऊ द्या." तितक्यात अवघा गड 'जी' म्हणोन उभा राहिला, आणि दरवाजा लागला, आणि महाराजांस पहिले यश आले. सदरहू हवालदार ते या लिहिणाराचे सख्खे खापरपणजे होत.

हे वाचून दाखविले तो लिहिणाराचे कुटुंब तांदूळ निवडता निवडता बोलिले, "अहो, शेजारच्या यशवंताला मी लग्न होऊन आल्यापासून नावानं हाका मारत्येय. खापरपणजे यशवंत असते, तर सासूबाईंनी पहिल्याच हाकेला माझं तोंड दाबलं नसतं?"

तात्पर्य, यशवंत म्हणजे ज्यापाशी यश आहे तो. ते आज तांदूळ निवडणारीपाशी गेले, सबब बखर येथेच आटोपली.