घरपट्टी भरलेली बोट

मालवणजवळच्या आमच्या वाडीतले निवृत्त शिक्षक श्री. इनास फर्नांडिस यांनी उतारवयात जुनी शिडाची बोट घेण्याचे ठरवले. कारण गंभीर होते. पत्नी ईडाबाई यांना माहेरी, म्हणजे गोव्यातल्या शिवोलीला, दर्यातून नेण्याचा शब्द त्यांनी लग्नात दिला होता आणि पुढे आयुष्यभर एसटीने नेले होते. आता सरांचे गुडघे कुरकुरू लागले, तेव्हा घाई करणे भाग होते.

गोव्यात त्यांनी बऱ्याच बोटी पाहिल्या. एकीचा तळ इतका खोल, की आमच्या खाडीत ती भरतीलाही रुतली असती. दुसरीचा रंग नवा होता, आणि तेवढेच तिच्यात नवे होते. तिसरीच्या शिडाला ठिगळ होते, पण आत दोघांपुरते बाक आणि छोटी शेगडी होती. मालक गुडघे गेले म्हणून ती विकत होता. ईडाबाई बाकावर बसून पाहत म्हणाल्या, "हंयसर चाय करूक येतली." निवड झाली.

बोट मालवणला ट्रकमधून आली. पाण्यातून आणायला परवाना हवा, परवान्याला तपासणी हवी आणि तपासणीला बोट इथे हवी, असा सरळ नियम होता. तपासणी ठरेपर्यंत पावसाळा आला. सरांनी रीतीप्रमाणे बोट परसात ओढून घेतली आणि वर माडाच्या झापांचे छप्पर घातले.

मग पंचायतीचा माणूस टेप घेऊन आला. वर छप्पर, आत झोपायची सोय, शिवाय शेगडी. त्याने बोटीला घर क्रमांक दिला आणि घरपट्टी लावली. दुसरा कोणी असता तर भांडला असता. पण कर वेळेवर भरावा असे सरांनी जन्मभर पोरांना शिकवले होते. त्यांनी त्याच दिवशी भरला.

नारळीपौर्णिमा झाल्यावर सर परवान्यासाठी बंदर खात्याच्या नौका कक्षात गेले. तिथला सुदेश त्यांचाच विद्यार्थी. तो उठून उभा राहिला, हीच काय ती सवलत. कागद चाळताना त्याला घरपट्टीची पावती दिसली.

"सर, हे घर आहे. घराला समुद्रात जाण्याची परवानगी देता येत नाही."

"अरे, बोट आहे ती."

"मग घर क्रमांक रद्द करून आणा. त्यासाठी घर पाडल्याचा दाखला लागेल."

"म्हणजे बोट फोडू?"

"फोडलीत की लगेच नौका म्हणून नोंदवतो," सुदेश मनापासून म्हणाला. "नाहीतर पर्यटकांना राहायला द्या. त्याची परवानगी आजच मिळेल."

ती खरोखरच त्याच दिवशी मिळाली. घरी येऊन सरांनी सगळे सांगितले. ईडाबाईंनी बोटीतली शेगडी पुसून घेतली. मग म्हणाल्या, "शेगडी तरी पेटतली."

गेल्या डिसेंबरात तुम्हीही त्या बोटीत राहून गेलात. ईडाबाईंनी तुम्हाला चहा दिला. सरांनी, तुम्ही विचारले नसताना, शिवोली कुठल्या दिशेला ते दाखवले. शिडी चढताना त्यांनी तुमचा हात धरला होता, तो तुम्हाला अगत्याचा वाटला. ठिगळाच्या शिडापुढे तुम्ही फोटो काढलात आणि घरी जाऊन अभिप्रायात एक तारा कापलात: 'सोय उत्तम, पण बोट हलत नाही.'

सरांनी तो अभिप्राय ईडाबाईंना वाचून दाखवला.

"खरां ता लिवल्यानी," त्या म्हणाल्या आणि पुढच्या पाहुण्यांसाठी आधण ठेवायला उठल्या.