साळवे सर आणि पांढरे पट्टे

मोटारसायकलवरून जाताना झेब्रा क्रॉसिंग आलं की साळवे सर श्वास रोखतात. मी मागे बसलेलो असल्यामुळे हे छातीठोकपणे सांगू शकतो. पट्ट्यांच्या बरंच अलीकडे ते वेग कमी करतात. मग मूठ आहे तिथेच धरायची, हँडल सरळ ठेवायचं, ब्रेकला बोटही लावायचं नाही आणि अलगद पलीकडे जायचं. पलीकडे पोचले की श्वास सोडून म्हणतात, "पांढऱ्यावर हात-पाय गप."

रस्ता ओला असेल तर हे समजण्यासारखं आहे. रंगावर चाक घसरतं. पण सर हे भर मे महिन्यातही करतात. विचारलं तर म्हणतात, सवय कोरड्यातच लागते, ओल्यात फक्त कामाला येते.

सर आमच्या नेवाशात चित्रकलेचे शिक्षक म्हणून निवृत्त झाले. त्यांची आणि माझी भिंत एकच. एकदा शाळेसमोरचे पट्टे कुणीतरी उरलेल्या ऑइलपेंटने रंगवले. सर रस्त्यात उकिडवे बसले, रंग बोटाने तपासला आणि रंगवणाऱ्याला विचारलं, "दार रंगवलंस का रस्ता?" मग रंग ओला असतानाच त्यावर बारीक वाळू भुरभुरवून घेतली. शाळेतली मुलं त्या पट्ट्यांना अजून सरांची नानकटाई म्हणतात.

नगरला सिग्नलवर तर त्यांच्याबरोबर उभं राहणं नको वाटतं. सर थांबायच्या रेघेच्या अलीकडे थांबतात आणि मागे हॉर्नचा कल्लोळ उठतो. एका रिक्षावाल्याने मान बाहेर काढून सुचवलं, "काका, घ्या की पुढं, जागा हाय."

"जागा हाय," सर म्हणाले, "पण ती चालणाऱ्यांची हाय."

असा हा माणूस मागच्या हिवाळ्यात कायद्याच्या कचाट्यात सापडला. झालं असं, की फाट्यावर एका वाहतूक पोलिसाने आपली मोटारसायकल नेमकी पट्ट्यांवर लावली होती. सरांनी त्याला ती काढायला लावली, वर पट्टे कुणासाठी असतात तेही समजावून सांगितलं. पोलीस सभ्य होता. त्याने निमूटपणे गाडी बाजूला घेतली आणि म्हणाला, "सर, आता तुमचं लायसन बघू."

सरांनी रुबाबात पाकीट काढलं. पोलिसाने परवाना उलटसुलट पाहिला.

"सर, हे संपून दीड वर्ष झालं की."

रस्त्यावरचा प्रत्येक पट्टा वाचणाऱ्या माणसाने परवान्यावरची तारीख वाचली नव्हती. पोलीस म्हणाला, आज जाऊ द्या, घरी जा. पण सर गाडीवर बसेनात. त्यांनी मोटारसायकल फाट्यापासून घरापर्यंत ढकलत आणली, तीही हेल्मेट घालून. नानकटाईपाशी मुली रस्ता ओलांडत होत्या, तिथे ढकलत चाललेली गाडीसुद्धा थांबवली. वाटेत जो तो विचारी, पेट्रोल संपलं का? सर प्रत्येकाला थांबून सांगत, "न्हाई, लायसन संपलं."

मुदत संपून इतके दिवस झाले म्हणून आता सगळं पहिल्यापासून. शिकाऊ परवाना, गाडीला पुढे-मागे लाल 'एल', मग परीक्षा. सदुसष्टाव्या वर्षी 'एल' लावून फिरण्याचं सरांना काही वाटलं नाही. त्यांना डाचलं ते वेगळंच. शिकाऊ माणसाच्या मागे शिकवणाराच बसू शकतो, आणि त्याच्याकडे पक्का परवाना लागतो. म्हणून मागे मी बसू लागलो आणि सरांच्या पत्नी मार्थाकाकू घरी राहिल्या.

काकूंची नजर गेल्या काही वर्षांत जवळजवळ गेली आहे. उजेड-अंधार तेवढा कळतो. रोज संध्याकाळी सरांच्या मागे बसून नदीच्या रस्त्याने चक्कर मारायची, हे त्यांचं एकुलतं एक बाहेर जाणं. ते बंद झालं. मी चारचाकीतून नेतो म्हटलं, तर म्हणाल्या, "काचंआड बसून काय कळतंय, भाऊजी?"

त्यात पुण्याहून मुलगा आला. सुहासला वडिलांचं गाडी चालवणं कधीच पसंत नव्हतं. त्याने गिऱ्हाईकही शोधून ठेवलं होतं. त्याचं म्हणणं असं, की पप्पा पास झाले तर मी पुन्हा विषय काढणार नाही, नापास झाले तर गाडी त्याच दिवशी जाईल. सरांनी ते मान्य केलं. त्या दिवशी काकूंच्या हातून भाजीत मीठ दोनदा पडलं.

परीक्षेच्या सकाळी अवकाळी पाऊस शिंतडून गेला. आरटीओच्या शिबिराच्या आवारात सिमेंटवर जाड पांढऱ्या रंगाने मोठा आठ काढलेला होता. तो ओला होऊन चकाकत होता. सरांच्या आधी एक तरणाबांड गडी जोरात शिरला, वळणात रंगावर ब्रेक दाबला आणि दोन्ही पाय टेकून बसला. दुसरा त्याच जागी घसरला. तिसऱ्याने चप्पल गमावली. सुहास घड्याळ पाहू लागला.

सर शिरले. वळणाआधीच वेग उतरवलेला. रंग आला की गाडी सरळ, रंग गेला की पुन्हा वळण. ब्रेकचा लाल दिवा एकदाही लागला नाही. पूर्ण आठ, पाय वर. अधिकाऱ्याने सवयीने पुढचं नाव पुकारलं, मग थांबून सरांना पुन्हा एक फेरी मारायला सांगितली. सर घाबरले. अधिकारी बाकीच्यांकडे वळून म्हणाले, "आता नीट बघा रे." नापास झालेल्या तिघांनी सर्वांत जोरात टाळ्या वाजवल्या.

पक्का परवाना मोबाइलवर दिसेपर्यंत सरांनी काकूंना मागे बसू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो दिसला. सरांनी तारीख दोनदा वाचली आणि 'एल' उपटून काढले. सुहास म्हणाला, सगळेच माझ्या कारने जाऊ. काकूंनी तोवर हेल्मेटचा पट्टा लावलासुद्धा होता.

मग पुढे ते दोघं आणि मागे कारमध्ये सुहास आणि मी. सर ताशी तीसच्या वर जाईनात. सुहासला पुढे जायचं होतं, पण मधली रेघ अखंड होती, आणि मी तसं त्याला सांगितलं. काकू सरांच्या खांद्यावर वाकल्या होत्या. दोघांचं काहीतरी सारखं चाललं होतं.

पुढे उसाची ट्रॉली वळत होती म्हणून सगळे थांबलो. सुहासने काच खाली केली.

"ऊस तुऱ्यावर आलाय," सर सांगत होते. "पांढरा न्हाई, जांभळट. मागं आभाळ राखी, खाली जरासं भगवं."

"आन् आपली चिंच?"

"हाय. कुणी तरी बुंध्याला चुना मारलाय."

"नीट मारलाय का?"

"न्हाई. वाकडा."

काकू खूप दिवसांनी एवढ्या मोकळ्या हसल्या. ट्रॉली गेली. थोडं पुढे रेघ तुटक झाली, समोर रस्ता मोकळा होता. मी म्हटलं, "सुहास, आता जाता येईल."

"राहू द्या, काका," तो म्हणाला, आणि काच तशीच खाली ठेवून त्यांच्या मागे चालवत राहिला.