खुरांवरची लाल माती

एका जंगलात, मुलांनो, विचार केल्याशिवाय कुणी पाऊल टाकत नसे. निदान दूरदेशीच्या विद्यापीठात तसं शिकवायचे. तिथे इतिहास शिकून मंदाकिनी नावाची साळू मायदेशी परतली. तिला वाटलं होतं, गव्यांच्या कळपाने नदीपलीकडे जायचं की नाही, हे वडाखालच्या सभेत ठरत असणार.

तिला दिसलं ते वेगळंच.

सभा रंगात आली होती.

"पलीकडच्या माळावर बिळांत राहणाऱ्या गरिबांना साप छळतात. आपण जायलाच हवं!" अर्धे गवे डुरकले.

"आपल्याला काय करायचंय?" उरलेले डुरकले.

मंदाकिनीला भरून आलं. याला म्हणतात चर्चा! टिपणं काढायला तिने पाठीवरचा एक काटा उपटला, मान खाली घातली, आणि तिला गव्यांचे खूर दिसले.

सगळ्या खुरांना लाल माती लागली होती. दोन्ही पक्षांच्या.

अलीकडची माती काळी. लाल माती फक्त पलीकडच्या माळावर.

तिने सभेचं दप्तर सांभाळणाऱ्या कासवकाकांना गाठलं.

"काका, आधी चर्चा होते की आधी जातात?"

"अगं पोरी, जाऊन आल्याशिवाय चर्चेला विषय कुठून आणायचा?"

"आणि साप?"

"ते सरपटत निघून जातात. खचतात ती बिळं. अर्धा माळ तुडवून झालाय, उरलेला उद्या."

उरलेल्या माळावर मंदाकिनीच्या मावशीचं बीळ होतं. आत मावशीची चार दिवसांची दोन पिल्लं.

मंदाकिनी धावत सभेतल्या दगडावर चढली. "तुम्ही आधीच जाऊन आलात! खुरांकडे बघा!"

सगळ्यांनी खुरांकडे बघितलं. मग कळपप्रमुख रणधीरराव गहिवरून म्हणाले, "शाब्बास! परदेशी शिकल्याचं चीज केलंस, बेटा. इतक्या वर्षांत आमच्या लक्षात आलं नाही. यापुढे सभेला येताना प्रत्येकाने खूर धुऊन यावं!"

ठराव एकमताने मंजूर झाला. दोन्ही पक्षांचं पहिल्यांदाच जुळलं.

"पण माझी मावशी?"

"अगं, तिच्यासाठीच तर चाललोय आपण!"

दुसऱ्या दिवशी सकाळी गवे अजून रवंथ करत होते, तेव्हाच मंदाकिनी नदी पोहून गेली. टिपणं तिने वडाच्या ढोलीतच ठेवली. मावशीच्या बिळाच्या तोंडाशी ती गव्यांच्या वाटेकडे पाठ करून उभी राहिली आणि तिने पाठीवरचे काटे फुलवले. आता लिहायला एकही काटा उपटायचा नाही, असं तिने ठरवलं होतं. आज ते सगळे जागेवर हवे होते.

तात्पर्य: पाऊल टाकण्याआधी विचार करावा, असं गुरुजी सांगतात. गुरुजींना राज्यकारभार ठाऊक नाही. मुलांनो, आधी पाऊल टाकून यावं, मग पाय स्वच्छ धुवावेत, आणि मगच निवांत विचाराला बसावं.