पिल्लू देणे आहे, अटी लागू

घरमालकानं एका कुत्रीची परवानगी दिली होती. कुत्रीनं पाच पिल्लांची भर घातली. मग घरमालकानं मुदत दिली, "रविवारपर्यंत पिल्लं गेली नाहीत, तर सोमवारी तुम्ही जायचं."

भाडेकरू यजमान विमा कंपनीत दावे तपासायचे. समोरचा खोटंच बोलतोय असं धरून चालायचाच त्यांना पगार होता. आख्खी गल्ली त्यांना तपासनीस म्हणायची. पिल्लू न्यायला आलेल्याला पाण्याच्या ग्लासाआधी चार पानी फॉर्म मिळायचा.

शुक्रवारी दातांचे डॉक्टर आले.

"आधी कुत्रं पाळलंय?"

"हो, चौदा वर्षं होतं."

"मग कुठाय?"

"गेलं हो. म्हातारं झालं होतं."

तपासनीसांनी लिहिलं : आधीचं कुत्रं ताब्यात असताना मृत. नामंजूर.

शनिवारी एक शिक्षिका आल्या. त्यांनी कुत्रं कधीच पाळलं नव्हतं. अनुभव नाही. नामंजूर.

"अहो, पाळलं तरी नाही, न पाळलं तरी नाही!" बायको कपाळावर हात मारून म्हणाली. "सोमवारी मी डोक्यावर गादी घेऊन फिरू का?"

"मुक्या जिवाचा प्रश्न आहे."

"मग मीही मुकी होऊन बसते. माझाही बघा जरा!"

रविवारी सकाळी एक आजी-आजोबा आले. अंगण होतं, फाटकाला कडी होती, दिवसभर घरी माणूस होतं. तपासनीस तासभर खोट शोधत राहिले. शेवटी नाइलाजानं लिहिलं : मंजूर.

"तुमचं दोघांचं भांडण झालं, तर पिल्लं कुणाकडे?"

"हिच्याकडे," आजोबा म्हणाले. "मीही हिच्याकडेच असतो."

त्यांनी पाचही पिल्लं मागितली. तपासनीसांचा विचार बदलायच्या आत बायकोनं टोपली भरून रिक्षात ठेवलीसुद्धा. मग ती दोन महिन्यांत पहिल्यांदा दुपारची आडवी झाली.

तपासनीस मात्र तपासणीला निघाले. दोन वाजता ते आजोबांच्या कुंपणावरून पाण्याची भांडी मोजत होते. चार वाजता स्वयंपाकघरात पातेल्यावरचं झाकण उचलून वास घेत होते. सहा वाजता आजी दोरीवरचे कपडे काढायला अंगणात गेल्या, तर वाळत घातलेल्या चादरीमागून आवाज आला, "घाबरू नका. निरीक्षण चालू आहे."

सात वाजता बेल वाजली. दारात आजी-आजोबा, हातात टोपली. मागे, वही सावरत, तपासनीस. जिन्यात घरमालक.

"पिल्लं गुणाची आहेत हो," आजी डोळे पुसत म्हणाल्या. "पण या वयात आम्हाला तुमचे हे नाही झेपायचे."

बायकोनं घरमालकाकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या हातातली वही काढून घेतली आणि त्यांना दंडाला धरून आत ओढलं.

"आजी, पिल्लं न्या परत. यांना मी बांधून ठेवते."

आजींनी तपासनीसांना एकदा वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "एकटीला जमेल का गं?"

"अठरा वर्षं सांभाळतेय," बायको दार लावता लावता म्हणाली. "वळण काही लागत नाही. पण आता यांना नेणार कोण?"